गार इंजिनाची टिकटिक

चिनू, तो मोबाइल उपडा ठेव आणि हा कागद जरा उजेडात धर. तू मालवीय नगरात मैत्रिणींबरोबर, मी इथे मुरलीपुऱ्यात. एकाच जयपुरात राहून तुला आजीकडे यायला तीन महिने सवड होत नाही, आणि परवा फोन केलास तो कशासाठी, तर गाडीसाठी, "आजी, मतलब, हेडरला गॅस्केट तांब्याचं घेऊ की ते काळंवालं? आणि बोल्ट पुरानेच चालतील ना?" कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, गुडघा काय म्हणतो नाही. थेट बोल्ट. मी म्हटलं ही काही फोनवर सांगायची गोष्ट नाही, आणि ठेवून दिला. आजी रागावली असं वाटलं असेल तुला. रागावले होतेच. पण खरं सांगू, "बोल्ट पुरानेच चालतील ना" हे कानावर पडलं आणि मी फोन हातात धरून तशीच ओट्यापाशी उभी राहिले. गॅसवर भाजी होती ती लागली. हेच वाक्य मी एकदा बोलले होते, तुझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असताना. म्हणून हे लिहायला बसले. तुझं देवनागरी हिंदीच्या शाळेतलं, म्हणून अक्षर मोठं काढलंय. अडलं तर विचार, गाळून पुढे पळू नकोस.

माझे वडील, आबा, फौजेत गाड्यांचे मिस्त्री होते. मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावचे. शेवटची बदली जयपूरला झाली आणि पेन्शनीत निघाल्यावर ते गावी परतलेच नाहीत. आई म्हणायची, हितलं पाणी खारं हाय पर माणसं गोड हायत, ऱ्हावू. मग सीकर रोडच्या कडेला, आता जिथे ती इन्व्हर्टरची दुकानं आहेत ना, तिथे आबांनी पत्र्याची शेड घातली आणि मागे आमच्या दोन खोल्या. तेव्हा मुरलीपुरा म्हणजे वाळू, बाभळी आणि मोर. दारातून उंटगाड्या जायच्या, त्यांच्या चाकांना मोटारीचे टायर असायचे, त्यामुळे उंट आला तरी आवाज यायचा तो फक्त त्याच्या गळ्यातल्या घंटेचा. दुपारी लूचा तापला वारा सुटला की पत्रा तडतडायचा. आणि या सगळ्यात आईची भाकरी. बाजरीचं पीठ इथे उत्तम मिळे, तेवढ्या एका गोष्टीवर तिने परमुलुख आपला मानला. बाकी वाघ्या घेवडा मात्र गावाहून ट्रंकेत भरून यायचा आणि वर्षभर पुरवून खाल्ला जायचा. आबा रॉकेल आणि लाकडाच्या भुशाने हात चोळून, मग साबणाने धुऊन ताटावर बसत, तरी भाकरीला इंजिनाचा वास लागायचाच. मला तो वास आवडायचा. आजही कुठे गॅरेजवरून रिक्षा गेली की मला भूक लागते, तुझ्या आईला हे सांगितलं तर ती हसते.

जेवताना आबांशी बोलायचं तर समोर बसून, तोंड वर करून बोलावं लागे. तोफा ओढणाऱ्या गाड्यांपाशी त्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यात कान गेले. एकदम नाही गेले. आधी माझ्या बांगड्या ऐकू येईनाशा झाल्या, मग मोर, मग आईची हाक. जाड आवाज कळायचे. इंजिनाच्या पोटातली धडधड तर ते लांब पेचकसाची मूठ दातांत धरून आणि टोक इंजिनाला टेकवून ओळखत, त्यात त्यांचा हात धरणारा जयपुरात नव्हता. पण बारीक आवाज, हवेत फुटणारा, तो नाही. आणि आमच्या धंद्यातला सगळ्यात लबाड आवाज बारीकच असतो. इंजिनातला जळका वायू जिथून बाहेर पडतो तिथे सांध्यात दाबून बसवायचं गॅस्केट नीट बसलं नसेल तर तो फटीतून निसटतो आणि टिक टिक टिक असा वाजतो. तोही कधी, तर इंजिन गार असताना. पाच मिनिटांत लोखंड तापतं, फुगतं, फट मिटते आणि आवाज गप्प. गिऱ्हाईक खुशीत घरी जातं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टिक टिक.

कानाने अधू मिस्त्रीकडे कोण गाडी देईल? म्हणून हे कुणाला कळू द्यायचं नाही असं आमच्या घरात ठरलं होतं. कुणी ठरवलं ते आठवत नाही, बहुतेक आईने. रीत अशी होती. गाडी चालू करायच्या वेळेला मी गिऱ्हाइकासाठी चहाचा ट्रे घेऊन शेडमध्ये यायची. कान देऊन उभी राहायची. आवाज स्वच्छ असला की ट्रे बाकावर ठेवायचा. टिकटिक असली की ट्रे हातातच धरून ठेवायचा. आबा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे, आणि मग असा चेहरा करून इंजिनावर वाकायचे की जणू त्यांनाच आताच काहीतरी खटकलं. "दूसरे नंबर पे थोड़ा लीक है, हुकुम," असं इथल्या अदबीने म्हणायचे. गिऱ्हाईक थक्क. फौजी मिस्त्रीचा कान काय तयार आहे! माझा चहा तेवढा गार व्हायचा. तीन वर्षं हे चाललं. मी शाळेतून धावत घरी यायची ती गाडी सुरू व्हायच्या आत पोचायला.

मग शेखावतजींची जीप आली. सीकरच्या बाजूला त्यांची शेती होती, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. वाळूत जीप दमते म्हणून त्यांनी शहरातल्या एका वेल्डरकडून हेडर बनवून आणलं होतं. तुला माहीतच आहे, तरी सांगते. इंजिनाला जो बिडाचा जाड ठोकळा असतो, तो काढून त्या जागी चार नळ्यांचा हा जुडगा लावायचा, म्हणजे धूर मोकळा वाहतो आणि गाडीला दम येतो. जयपुरात तेव्हा असलं काम फार कुणी केलेलं नव्हतं. जाता जाता शेखावतजी सहज बोलावं तसं बोलले, "मिस्त्रीजी, बाज़ार में कोई कह रहा था आप ऊँचा सुनते हैं." आबांनी त्यांच्या ओठांवरून बहिरेपणाचा तो टोमणा अर्धा ओळखला आणि हसून म्हणाले, "बाज़ार तो बहुत कुछ कहता है, हुकुम." ते गेल्यावर आबा बराच वेळ नुसते हात पुसत राहिले. मला कळलं, ही जीप म्हणजे परीक्षा आहे. इथे चुकलो तर बाजाराचं बोलणं खरं ठरणार आणि शेड उठणार.

त्या दिवशी आबांनी पहिल्यांदा सामान निवडायला मला एकटीला पाठवलं. हेडर पोत्यात गुंडाळून दिलं आणि म्हणाले, "शके, गॅस्केट तुझ्या नदरंनं आण. बोल्टबी माप बघून आण." मी सतरा वर्षांची. बसमध्ये ते पोतं मांडीवर घेऊन अशी बसले होते की जणू लेकरू घेऊन देवदर्शनाला निघालेय. चांदपोलच्या बाहेर बशीरचाचांचं दुकान होतं. एवढंसं, पण आत गेलं की भिंतभर खिळ्यांना लटकलेली गॅस्केटं, हर एक इंजिनाची. जे तयार मिळत नसे ते चाचा हाताने कापायचे. इंजिनाच्या त्या भागावर गॅस्केटचा पत्रा अंथरायचा आणि गोल तोंडाच्या लहान हातोडीने कडेकडेने ठोकत जायचं, टुकटुक टुकटुक, की पत्रा बरोब्बर कडेवर तुटून खाली भोक पडायचं. काय सुरेख आवाज होता तो. (त्या काळ्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ छातीत बसते हे तेव्हा आम्हाला कुणाला माहीत? चाचा शेवटी शेवटी फार खोकायचे. तू तसलं जुनं कुठे मिळालं तरी हात लावू नकोस.)

चाचांनी तीन गॅस्केटं पुढे टाकली. एक नुसतं काळं, एक आत जाळी असलेलं, एक तांब्याने मढवलेलं. "बोल, कौन-सा?" मी एकेक उचलून हेडरच्या पट्टीवर, जी बोल्टांनी इंजिनाला आवळतात तिच्यावर, ठेवून बघितलं. काळं पहिल्या उन्हाळ्यात जळेल. तांब्याचं देखणं, पण त्याला दोन्ही बाजू आरशासारख्या सपाट लागतात, आणि वेल्डरची पट्टी मधून जरा उचललेली होती, मी पोलादी फूटपट्टी आडवी धरून खालून उजेड दिसतो का ते पाहिलं होतं. म्हणून जाळीचं घेतलं. त्याची भोकं नळीच्या तोंडापेक्षा केसभर मोठी आहेत, आत कड येत नाही, हेही बोट फिरवून बघितलं. चाचांनी मान डोलावली. "फ़ौजी की बेटी है." मी इतकी फुगले चिनू, की पुढचं नीट कानावर घेतलंच नाही. ते म्हणाले, "और बोल्ट? ये पट्टी बिड वाले से पतली है, बेटी. एक सूत छोटे लगेंगे. नाप लाई है?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेवढं बारीक माप मी आणलं नव्हतं. घरून निघताना मापायला विसरले होते. आणि ते कबूल करण्यापेक्षा मी तोंड वर करून म्हटलं, "पुराने ही चलेंगे ना चाचा, अच्छे हैं. हमारे यहाँ जो निकलता है वही वापस लगता है."

हे खोटं नव्हतं. आबांचा तो फौजी नेम होता. काढलेला बोल्ट फडक्यावर ओळीने मांडायचा, ज्या भोकातला त्याच भोकात परत. एक वॉशर उरला तरी जेवण नाही. चाचा म्हणाले, "वो तो ठीक, पर नाप तो नाप है." मी पैसे देऊन निघाले.

घरी येऊन मी जुने बोल्ट तारेच्या ब्रशने घासले, तेल लावलं, फडक्यावर ओळीने मांडले. नव्यासारखे चमकत होते. आबांनी विचारलं, "मापलंस न्हवं?" मी म्हटलं, "व्हय." एवढंच. एका शब्दाएवढं खोटं.

दुसऱ्या दिवशी शेखावतजी ठरल्या वेळेला येऊन खुर्ची टाकून बसले आणि हलेचनात. आबांनी गॅस्केट लावलं, हेडर बसवलं, बोल्ट आवळले. पाना अडेपर्यंत आवळले, प्रत्येक बोल्ट गच्च लागला. चावी फिरली. मी ट्रे घेऊन उभी. आणि लगेच, दुसऱ्या नळीपाशी, टिक टिक टिक.

ट्रे हातात धरून ठेवायचा होता. एवढंच काम होतं माझं. पण तसं केलं तर आबा बोल्ट काढणार, काढून मापले की जुनेच आहेत ते कळणार, आणि "व्हय" उघडं पडणार. मी मनात म्हटलं, पाच मिनिटांत तापेल, गप्प होईल, आज जाऊ दे, उद्या काहीतरी करू. रस्त्यावर ट्रक चाललेत, मोर ओरडतायत, एवढा बारीक आवाज कुणाला कळतोय. आणि मी ट्रे बाकावर ठेवला.

आबांनी पाहिलं. त्यांचे खांदे सैल झाले, ते मला अजून दिसतात. फडक्याला हात पुसत म्हणाले, "बढ़िया है, हुकुम. ले जाइए."

शेखावतजी उठले नाहीत. म्हणाले, "और ये टिकटिक?"

आबांना ते कळलं नाही. "जी?"

"टिकटिक, मिस्त्रीजी. मैं यहाँ बैठा सुन रहा हूँ. आपको नहीं सुनाई दे रही?"

आबांनी बाकावरच्या ट्रेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली, त्यातच त्यांना काय ते समजलं असणार. त्यांनी चावी बंद केली. शेडमध्ये एकदम शांत झालं, मागच्या दारात आई उभी होती तिच्या बांगड्या वाजल्या तेवढ्याच. मग आबा सरळ उभे राहिले, फौजेत उभे राहायचे तसे, आणि म्हणाले, "नहीं हुकुम, नहीं सुनाई देती. तीन साल हो गए. सुनती ये है, मेरी बेटी. आज जल्दी में मैंने इससे पूछा ही नहीं. गलती मेरी है. सुबह आइए, ठंडी गाड़ी आपके सामने चलाऊँगा."

माझी चूक सांगितली नाही त्यांनी. तीन वर्षं जपलेलं उघडं केलं, आणि माझं झाकलं. शेखावतजी उठून उंटगाडीच्या वाटेने पायीच गेले. जीप ठेवून गेले की सोडून गेले ते आम्हाला कळेना.

आई घरात येऊन माझ्यावर खेकसली, "चार माणसांत बापाला उघडं पाडलंस." मला रडूसुद्धा येईना. आबा मोरीवर हात चोळत होते, आईचे ओठ त्यांनी तिथूनच वाचले. म्हणाले, "उघडं कशाचं? सुटलो मी, आगं. तीन वरसं त्या ट्रेकडं तिरकं बघून बघून मान धरली व्हती माझी." आईला हसू आलं ते तिने पदरात दाबलं. मग ते मला म्हणाले, "चल." इंजिन गार होऊ दिलं. "कितवं?" "दुसरं." "कवापासनं आलं ऐकाय?" "चालू केल्या केल्या." "आन् बोल्ट?" "जुनंच." त्यांनी पाना उचलला. मग एक बोल्ट काढला आणि एक तार माझ्या हातात दिली. भोकात घाल म्हणाले, तळाला टेकंल तितं नख धर. तसं केलं. ती तार बोल्टाशेजारी धरली, आणि मग मला दिसलं. पट्टी पातळ, म्हणून जुना बोल्ट जास्त आत गेला होता. जाऊन जाऊन भोकाच्या तळाला टेकला होता, आणि तिथे गच्च झाला होता. पट्टी मात्र वर सैल. "माझा हात खोटं बोलला न्हाय, शके," आबा म्हणाले. "बोल्ट गच्च व्हता. पर कशावर गच्च झालाय, त्ये हाताला कळत न्हाय. त्यासाठनं तू हायस." एवढंच. "व्हय"बद्दल ते कधीही, अगदी कधीही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मी केव्हाच विसरले असते.

मी त्याच दुपारी ती तार घेऊन बशीरचाचांकडे गेले. त्यांनी तार पाहिली, माझा चेहरा पाहिला आणि न विचारता एक सूत कमी लांबीचे बोल्ट मोजून दिले. गॅस्केटही नवं दिलं, कारण एकदा दबलेलं गॅस्केट परत धरत नाही. सकाळी शेखावतजी आले. आलेच. आबांनी सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी लावले, एकही पाना न घेता, मग मधून सुरुवात करून कडेकडे जात, थोडा थोडा प्रत्येक आवळला. चावी फिरवली आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने, कारण स्वतःचा आवाज त्यांना कळत नसे, म्हणाले, "शके, ऐक गं."

मी वाकले. चारी नळ्यांपाशी कान नेला. काही नव्हतं. इतकी स्वच्छ धडधड मी पुन्हा ऐकली नाही. शेखावतजी म्हणाले, "बाईसा, पक्का?" मी म्हटलं, "पक्का." "मिस्त्रीजी, आप क्या कहते हैं?" आबा म्हणाले, "मैं क्या कहूँ, जो कहेंगी यही कहेंगी." शेखावतजी मिशीत हसले आणि गेले. काही गिऱ्हाइकं त्यानंतर तुटली, बहिऱ्याकडे कशाला म्हणून. शेखावतजींनी मात्र नात्यागोत्यातल्या सगळ्यांच्या गाड्या धाडल्या. आणि मी, ट्रे बीट काही नाही, हात रिकामे घेऊन इंजिनाशेजारी उभी राहायला लागले. दोन वर्षं. माझ्या आयुष्यातली दोन वर्षं कुणी परत देतो म्हणालं तर मी तीच मागेन, लग्नाची नाही, लेकरांची नाही. तुझ्या बाबाला हे सांगू नकोस.

मग तुझ्या आजोबांशी लग्न होऊन मी नाशिकला गेले. पहिल्या दिवाळीला आले तेव्हा आबांच्या डाव्या तळहातावर डाग. एक नाही, पाच-सात, काही ताजे. विचारलं तर म्हणाले, भाकरी भाजताना. त्यांनी जन्मात तवा धरला नव्हता. आईने मागच्या खोलीत सांगितलं. "तू न्हाईस न्हवं आता. गाडी चालू केली की नळ्यांच्या कडंनं तळवा फिरवत्यात, कुटनं वारं लागतंय का त्ये बघाय. तापलं तरी हात काढत न्हाईत." मी शेडमध्ये गेले तर तीन गाड्या एका ओळीत उभ्या. आठवडाभर अडवून ठेवलेल्या. त्यांचे मालकही आलेले, ओट्यावर बसलेले, दिवाळीचे दिवस असून. आबा मला बघून म्हणाले, "ह्या शंकेच्या हायत. तुझ्यासाठनं ठेवल्यात." मी लुगडं खोचलं आणि वाकले. आबा चावीपाशी, मी इंजिनापाशी. चौथ्या दिवशी परत जायचं होतं, मी पंधरा दिवस राहिले. तरी त्या तळहाताकडे सरळ बघवलं नाही मला.

पुढच्या दोन-तीन दिवाळ्यांना गाड्या अशाच थांबून असायच्या. मग कमी झाल्या. मग तुझा बाबा झाला, येणं लांबलं, आणि एका वर्षी आईचं पत्र आलं की शेड बंद केली. आबा गेले तेव्हा मी जयपूरच्या रेल्वेत, वाटेवरच होते. आता इतक्या वर्षांनी तुझ्या बाबाच्या नोकरीमुळे पुन्हा याच मुरलीपुऱ्यात येऊन पडले, तर वाळू नाही, मोर नाहीत, गाड्या अशा की चालू आहे की बंद ते कळत नाही. सकाळी खिडकीत बसते. कधी एखादी जुनी गाडी गार इंजिनावर टिकटिक करत जाते, आणि मी खुर्चीतून अर्धी उठते. कुणाला सांगायला म्हणून उठते, ते मग लक्षात येतं.

आबांनंतर मला "ऐक गं" कुणी म्हटलं नाही, चिनू. सगळे म्हणतात आजी, तुम्ही आराम करा. परवा तू विचारलंस, तेही बोल्टांचं.

तर उत्तर असं, की जुने चालतील की नाही ते मला ठाऊक नाही. तुझ्या गाडीच्या भोकाची खोली मी कुठे पाहिली आहे? गॅस्केट घेऊ नकोस, बोल्ट घेऊ नकोस, मैत्रिणींना लावू देऊ नकोस. हेडर आणि गाडी घेऊन शनिवारी इकडे ये. काढू, मापू, दोघी मिळून चांदपोलला जाऊ. बसवून झालं की रात्रभर दाराशी गार होऊ दे. रविवारी सकाळी चावी तुझ्या हातात, मी इंजिनापाशी. मला गुडघ्यामुळे जिना उतरायला वेळ लागतो, तेवढी थांब, मी खाली येईपर्यंत चालू करू नकोस. पण ये. लवकर ये गं बाई.